लाइनवाले सर

धांडे सरांना लाइन दिसली की ते आधी तिच्यात उभे राहायचे. ती कशाची आहे हे मग पुढच्याला विचारायचे. एकदा गावातल्या शनवारा मोहल्ल्यात असेच उभे राहिले आणि थेट नसबंदी शिबिराच्या टेबलापर्यंत पोचले. वय साठीपार, बायको केव्हाच देवाघरी गेलेली. डॉक्टर बघतच राहिले. सर म्हणाले, "मी नुसता उभा आहे. तुमचं चालू द्या."

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पोरांना 'समाज आणि तंत्रज्ञान' असा एक पेपर होता. तो शिकवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून या निवृत्त सरांना धरून आणलं होतं. मी कॉम्प्युटरची मॅडम. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! केस खांद्यापर्यंत कापलेले, लॅबच्या चाव्या कमरेला आणि रोजचं एकच भाषण: "मुलांनो, बुऱ्हाणपूर आता जगाला जोडलं जाणार." एवढं म्हणेस्तोवर वीज जायची. मग पदरानं वारा घेत मी जगाची वाट बघायची.

सर वर्गात शिकवायचेच नाहीत. पोरांना वीजबिलाच्या लाइनीत नेऊन उभं करायचे.

"हे आपलं प्रॅक्टिकल. सावलीत कोण उभंय, उन्हात कोण, बघा. शेठ कुठाय?"

"शेठ नाही आला सर, नोकर आलाय."

"लिहा. लाइन म्हणजे समाज, बाबू."

स्वतः मात्र पुढच्या-मागच्याशी गप्पा. बहादरपूरला केळीला भाव काय, जैनाबादचा रुसलेला जावई परत आला का. लोकही सांगायचे, उन्हात दुसरं करणार काय?

मला ते बघवेना. विज्ञान हाताशी असताना माणसानं घाम का गाळावा? मी पोरांकडून टोकनचं यंत्र करून घेतलं आणि वीजबिलाच्या ऑफिसात बसवलं. चिठ्ठी घ्या, खुर्चीत बसा, भिंतीवर नंबर लागला की उठा. उद्घाटनाला हिरवं सिल्क नेसून मी नारळ फोडला, तो की-बोर्डवरच. तो फोटो बघून नाती अजून हसतात.

यंत्र मात्र उत्तम चाललं. माणसं गपगार बसून भिंतीकडे बघू लागली, जणू दहावीचा निकाल लागणार आहे. कुणी कुणाशी बोलेना.

सर कोपऱ्यातल्या खुर्चीत रोज दिसायचे. त्यांचा नंबर आला की शेजारच्याला म्हणायचे, "तुम्ही जा, मला घाई नाही," आणि नवी चिठ्ठी घ्यायचे.

मी टोमणा मारला, "सर, बिल भरायचंय का माझं यंत्र बिघडवायचंय?"

"बिल कधीच भरलं, मॅडम."

"मग घरी जा ना. पंखा आहे, रेडिओ आहे."

"आहे ना. दिवसभर बोलतो." सरांनी चिठ्ठीची बारीक घडी घातली. "विचारत काही नाही."

मी एक चिठ्ठी घेतली, शेजारच्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "सर, सकाळी काय खाल्लं?"

शिपाई खिडकी बंद करायला आला, तेव्हा सर पोह्यांतल्या शेंगदाण्यांपर्यंतच पोचले होते.