संदर्भ, नग पाच

सेहेचाळिसाव्या वर्षी मी ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. (तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. साहेब म्हणाले, पदवी आणा, बढती घ्या.) पहिलीच असाइनमेंट पानवेलीच्या शेतीवर निबंध, किमान पाच संदर्भांसह. मुदत रविवारी संध्याकाळी पाच. चुकली की वर्ष गेलं.

कॉलेजच्या ऑनलाइन लायब्ररीत मी 'शेती' असं टाकलं. चाळीस हजार नोंदी! आता आम्ही पडलो स्टोअरवाले. नग न् नग तपासल्याशिवाय आमची सही होत नाही. मी पहिल्यापासून सुरुवात केली. तीन दिवसांत एकशे बारावर पोचलो, तोही लेख बटाट्यावर. घास उतरेना.

"लायब्ररीवाल्या बाईंना विचारा ना," बायको, दमयंती म्हणाली.

"वेडी का? मला काही येत नाही हे कळेल ना त्यांना!"

रविवारी सकाळी लायब्ररीचा ऑनलाइन वर्ग होता. लायब्ररीवाल्या तेजल मॅडम म्हणाल्या, "काय हवंय ते चॅटमध्ये लिहा." मी सवयीने मागणीची स्लिपच भरली: 'संदर्भ, नग ५, अर्जंट. शेरा: जाड नकोत.' साठ विद्यार्थी फिदीफिदी हसले.

दमयंती खोबरं खवता खवता उठली. माझा माइक चालूच होता.

"हसताय काय? तीन दिवस माणूस नीट जेवला नाय! पायजे पानवेल, आन् वाचत बसलेत बटाटे!"

मॅडम हसल्या नाहीत. "ताई, पानवेलीचं नेमकं काय हवंय?"

"आमच्या माकुणसारला वेली मुळाशी कुजतात. त्याचंच काय हाय ते बघा."

मॅडमनी तेवढंच टाकलं. चाळीस हजारांच्या एकोणीस नोंदी झाल्या! आणि चॅटमध्ये मघाच्याच हसणाऱ्यांची रांग लागली: 'मॅडम, मीही अडकलोय.' 'मीही.' मला तर भरूनच आलं. (बायकोला दिसू नये म्हणून चष्मा पुसला.)

दिवसभर खपून पाच संदर्भ निवडले. लेखक, साल, पान, सगळं रजिस्टरसारखं चोख. चार छप्पन्नला पाठवले आणि पोटभर जेवलो.

मंगळवारी सरांचा शेरा आला. दमयंतीनेच मोठ्याने वाचला: "संदर्भ उत्कृष्ट. निबंध जोडायचा राहिला वाटतं. शुक्रवारपर्यंत पाठवा."

जोडायचा कुठला! लिहायचाच राहिला होता.