आगाशेकाका लॅपटॉप पुसतात

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणाचाही लॅपटॉप जरा कुरकुरला, की आगाशेकाकांचं औषध एकच. "पुसून टाका. मुळापासून." फार हळू चालतो? पुसून टाका. सारखा बंद पडतो? पुसून टाका. आतलं सगळं साफ करायचं आणि नवी सिस्टिम चढवायची. "डागडुजी मला मान्य नाही," असं ते लॅपटॉपवाल्याच्या तोंडावर सांगतात.

काका छत्तीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. माल नापास करायची सवय अजून सुटलेली नाही. सोसायटीचा नवा रंग, वॉचमनची शिट्टी, माझ्या बायकोची पुरणपोळी, सगळं एकेकदा 'रिजेक्ट' होऊन गेलंय. पण कुठल्या कंपनीच्या लॅपटॉपला चालू होताना कुठलं बटण दाबून धरायचं, हे त्यांना पंचाहत्तरीतही तोंडपाठ. कागद लागत नाही.

पुसण्याआधी बॅकअपची चौकशी होते. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. दोघांची उत्तरं जुळली तरच खिशातून पेन ड्राइव्ह बाहेर येतो. मी बॅकअप घेतला होता, पण त्याच लॅपटॉपवर, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुलकर्णी, खराडीला आपण नक्की काय करता?"

"सॉफ्टवेअर."

"वाटत नाही."

सिस्टिम चढायला लागली की काका खुर्ची ओढून पहारा देतात. "चाळीस टक्क्यांवर अडकल्यासारखं वाटेल. अडकत नाही. घाबरट लोक मध्येच बंद करतात आणि मग माझं दार वाजवतात."

अशा माणसाला मी एका रविवारी सकाळी भलत्याच अवस्थेत पाहिलं. त्यांचं पार्सल आमच्याकडे आलं होतं, ते द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. काका टेबलाशी, समोर स्वतःचा लॅपटॉप, पुसून कोरा केलेला. शेजारी पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये कॅनडातली त्यांची लेक मृण्मयी.

"बाबा, वरच्या ओळीत बघा. एफ बारा."

"कुठे गं? मला तर दिसत नाही."

एफ बारावर त्यांचं बोट टेकलेलं होतं.

"आणि चाळीस टक्क्यांवर थांबलं तर घाबरू नका हं बाबा."

"थांबतं का? बरं झालं सांगितलंस."

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. पार्सल घेतलं आणि दार लावून घेतलं. मी जिना उतरताना हसलो, हे कबूल करतो.

महिन्याभरानं मृण्मयीचा मला फोन आला. "दादा, खरं सांगा. बाबा विसरायला लागलेत का? पाच महिन्यांत आठव्यांदा लॅपटॉप पुसलाय, आणि दर वेळी पहिल्यापासून विचारतात. मी स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

बघतो म्हणालो आणि तडक वर गेलो.

काका आधी भडकले. "विसरायला? मी?" चाळीस वर्षांपूर्वी परत पाठवलेल्या एका बेअरिंगचा नंबर त्यांनी मला घडाघडा ऐकवला.

"सांगून टाका ना तिला," मी म्हणालो. "नुसता फोन कर म्हणावं."

"नुसता करतेच की. तब्येत? बरी. गोळ्या? घेतल्या. जेवण? झालं. चार मिनिटं. मग दोघंही एकमेकांकडे बघत बसतो. तिची आई होती तेव्हा त्या दोघी बोलायच्या, मी मागून पेपर वाचायचो. मला येत नाही हो बोलायला." त्यांनी लॅपटॉपचं झाकण उगाच उघडून मिटलं. "हे चढायला दीड तास लागतो. तेवढा वेळ तिला जाता येत नाही. काहीतरी बोलावंच लागतं. परवा तिनं आईच्या आमटीत काय असायचं ते विचारलं. साठ टक्के होईपर्यंत आमटीच चालली होती."

मला फार वाईट वाटलं. जिन्यात हसलो होतो त्याचं जास्त.

"मग डॉक्टर?"

"जाईन. विसरतात थोडं, असं सांगा तिला." काका टेबलाशी बसले, पेन काढलं. "शंभरातून सात-सात वजा करायला लावतात म्हणे. सगळं बरोबर आलं, तर लॅपटॉपचं बिंग फुटेल. फार चुकलं, तर माझ्यासाठी घरात माणूस ठेवेल, मग लॅपटॉपही तोच लावून देईल. बेतानं चुकायला हवं."

ते मोठ्यानं सराव करू लागले. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर." थांबले. पुन्हा सुरुवात केली. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोण..." पेन खाली ठेवलं.

"कुलकर्णी, मला येत नाहीये. तुम्ही सांगा एखादं चुकीचं. तुम्हाला जमेल."

"शहाऐंशीनंतर ब्याऐंशी म्हणा," मी म्हणालो.

"ब्याऐंशी," काका हळूच म्हणाले. मग डोळे मिटून पाठ करू लागले. "ब्याऐंशी. ब्याऐंशी."