धनीरामच्या बांधीतला विनापरवाना आनंद

पवनी तालुक्यातल्या एका गावी धनीरामची रोवणी अडली. पावसाची काही चूक नव्हती. तो वेळेवर आला होता, चिखलणी झाली होती आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला आले होते. फक्त धनीरामच्या शेतात डीजे नव्हता, आणि डीजे नसलेल्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाय ठेवायचा नाही असा रोवणाऱ्या बायांनी यंदा ठराव केला होता.

धनीराम भजनी मंडळाचा पेटीवाला. हा ठराव त्याला धर्मावरचा घाला वाटला. बायांची म्होरकी आनंदाबाई हिला तो भेटायला गेला.

"आनंदाबाई, तुमच्या मायनं गाणे म्हणत जन्मभर रोवणी केली. तुमाले कपाटाएवढे बॉक्स कायले पाहिजेत?"

"माय म्हणे ना जी गाणे. पण त्यात राहे कोण? सासू राहे, दारू पेलेला नवरा राहे. घरचीच सारी बलाय बांधीत उतरे. ह्या डीजेच्या गाण्यात कोणीच नाई, भाऊ. नुसतं धुम ततक, धुम ततक. कंबर मोडते, पण डोकं मोकळं राह्यते."

धनीरामने मधला मार्ग काढला. बांधीच्या कडेला धुऱ्यावर पेटी मांडून त्याने स्वतः भजन सुरू केले. बाया भिडेखातर आल्या. देह नश्वर आहे हे ऐकल्यावर त्यांचा हात मंदावला. दुपारपर्यंत एक कोपरा रोवून झाला, आणि दोघींना संसाराचा इतका वीट आला की त्या धुऱ्यावर जाऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत.

"पऱ्हे म्हातारे होऊन राहिले," त्याची बायको रुखमा म्हणाली. "तुमचं वैराग्य कापणीनंतर काढा. भुपेंद्रले बलावा."

भुपेंद्र डीजेवाला पिकअप घेऊन आला. जनरेटर थरथरला, मग बॉक्स, मग बांधीतले पाणी. संगीत असे होते की त्यात दुःखाला बसायला जागाच नव्हती. ते एकदा वर चढले की आणखी वर चढे, आणि वर काही उरले नाही असे वाटले की तिथून उडी मारी. बाया वाकून मागे सरकत होत्या आणि त्यांच्यापुढे हिरवी ओळ उमटत होती. संध्याकाळपूर्वी एक पूर्ण बांधी रोवून झाली. धनीरामचे तोंड वाकडे होते. बोटे मात्र गुडघ्यावर पेटी वाजवत होती.

अडचण पलीकडच्या धुऱ्यावर उभी राहिली. तेजरामच्या शेतात लहान स्पीकर होता. त्याच्या बाया न सांगता धनीरामकडे सरकल्या. तेजरामने रीतसर तक्रार केली. विषय होता : 'शेजारील शेतातून येणाऱ्या आनंदामुळे मजूर विचलित होणेबाबत.'

ही तक्रार श्रमानंद संवर्धन कक्षाकडे गेली. श्रमात आनंद निर्माण करण्यासाठी हा कक्ष स्थापन झाला होता, आणि तेव्हापासून आनंदाचे एकही प्रकरण तिथे आले नव्हते. त्यामुळे कक्षाने तत्परता दाखवली. सदर संगीत आनंदी असल्याचे सिद्ध होईपर्यंत ते बंद ठेवावे, असा आदेश निघाला. संगीत बंद झाले. बायाही.

धनीराम कक्षप्रमुख प्रफुल्ल साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांचा चेहरा सांत्वनाला आल्यासारखा होता.

"साहेब, पऱ्हे कोनासाठी थांबत नाई."

"पऱ्हे आमच्या अखत्यारीत येत नाहीत," साहेब म्हणाले. "आमच्याकडे फक्त आनंद आहे."

चौकशी समिती नेमली गेली. साहेब अध्यक्ष, तृप्ती मॅडम आणि निवृत्त बडे बाबू यादोराव सदस्य. निःपक्षपातासाठी नियम असा केला की, ऐकताना ज्याचा पाय हलेल तो हितसंबंधी समजून बाद. पहिल्या बैठकीत भुपेंद्रने कळ दाबताच तृप्ती मॅडमची चप्पल हलली. यादोरावांनी ती निदर्शनास आणली, परंतु आणताना त्यांची मान ठेक्यात हलत होती. मान नियमात नव्हती. त्यावर चर्चा होऊन बैठक तहकूब झाली. पुढच्या बैठकीत सर्वांनी पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली. निष्कर्ष निघाला : 'संगीत आनंदी असल्याचा दाट संशय आहे, तथापि खुर्ची व चिखल यांत फरक असल्याने स्थळपाहणी आवश्यक.'

"कोन्त्या बांधीत पाहनार जी?" पाहणीच्या दिवशी रुखमाने विचारले. "रिकाम्या तिकडं हायेत."

"रोवणी झालेल्या बांधीतच पाहावं लागेल," साहेब म्हणाले. "परिणाम तिथंच दिसेल."

रोवलेली बांधी एकच होती. समिती पँट दुमडून आणि साडी खोचून तीत उतरली. भुपेंद्रने कळ दाबली. साहेबांनी काही वेळ सेवाशर्ती आठवून पाहिल्या. मग त्यांचा डावा अंगठा चिखलात हलला. चिखलातला अंगठा कोणाला दिसतो? हा विचार तिघांनाही एकदम सुचला असावा. संगीत चढत गेले. यादोराव स्वतःभोवती फिरले. तृप्ती मॅडमनी हात वर केले. आणि साहेब, ज्यांना मुलीच्या लग्नातही कोणी नाचवू शकले नव्हते, ते बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गेले आणि तसेच परत आले.

"साहेब, खाली धान हाये जी," धनीराम ओरडला.

"निरीक्षणात अडथळा आणू नका," साहेब हवेतून म्हणाले.

बाया धुऱ्यावर उभ्या होत्या. आनंदाबाई हळूच म्हणाली, "आमी नाचलो नाई कधी, बाप्पा. आमी तं रोवत होतो."

समितीने संगीत आनंदी असल्याचे जागीच प्रमाणित केले आणि रोवणीस हरकत नसल्याचे कळवले. बांधीत रोवलेले काही उरले नव्हते. बाकीच्या पऱ्ह्यांना गाठी धरल्या होत्या; ते आता रोवण्याजोगे राहिले नव्हते. रुखमाने एक जुडी उपटून पाहिली आणि बैलांपुढे टाकली.

भुपेंद्रने काढलेला व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. लाखो लोकांनी तो पाहिला. 'असे अधिकारी हवेत' असे अनेकांनी लिहिले, आणि उरलेल्यांनी गाणे कोणते ते विचारले. पायाखाली काय आहे, हे कोणी विचारले नाही. त्यांना काय बोलायचे? पऱ्हे म्हातारे होत आहेत हे रुखमाने तुम्हालाही वेळेत सांगितले होते. तुम्ही मात्र साहेब कधी नाचतात याची वाट पाहत होतात.