वाजली असे समजावे

मर्गिलान शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात एक परिपत्रक आलं. वाकडे दात, त्यामुळे अरुंद जबडा, त्यामुळे तोंडाने श्वास, त्यामुळे घोरणं, डोकेदुखी, रक्तदाब आणि सभेत पेंगणं, असा क्रम त्यात दिला होता. सबब, श्वासाचा दाखला असल्याखेरीज कोणीही जाहीर समारंभात फुंकून वाजवायचं वाद्य वाजवू नये. मोहल्ला समितीचा सचिव या नात्याने मी ते दारावर डकवलं आणि निवांत चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी तोख्तासिन-अका, म्हणजे आमचे तोख्तासिनदादा, आले. पुरुषभर उंचीची पितळी कर्नाय तीस वर्षं लग्नालग्नांतून फुंकणारा माणूस. महिन्याभराने त्यांच्याच मुलीचं, ओयजमोलचं, लग्न होतं, आणि कर्नाय वाजल्याशिवाय आमच्याकडे नवरी माहेरचा उंबरा ओलांडत नाही.

"दात दाखवा," मी म्हणालो.

"घोडा विकत घेतोयस काय रे?" म्हणाले, पण दाखवले. पुढचे चार एकमेकांच्या अंगावर चढलेले.

दवाखान्यात दंतवैद्य मुकद्दस-ओपांनी, म्हणजे मुकद्दसताईंनी, त्यांना यंत्राच्या नळीत फुंकायला सांगितलं. अकांनी फुंकलं. काटा तुटला, खिडकीचा पडदा पडला, शेजारच्या खुर्चीत भूल दिलेला पेशंट उठून घरी गेला. ओपांनी शांतपणे लिहिलं: यंत्र नादुरुस्त, सबब श्वास सिद्ध झाला नाही.

"अहो बाई, माझ्याच श्वासाने मोडलं ना ते?"

"वाकड्या दातांतून आलेला श्वास ग्राह्य धरता येत नाही, अका. आधी तारा बसवा."

तारा बसल्या. दाखलाही मिळाला, शिक्क्यासकट: श्वास पात्र; मात्र तारा निघेपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, फुंकण्यास मनाई. तो घेऊन अका माझ्यासमोर बसले. एवढा धिप्पाड माणूस रडवेला झाला, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. मी तातडीची बैठक बोलावून ठराव करून घेतला: कर्नाय वाजली असे समजावे.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात आलं. मी ठराव वाचला. सगळ्यांनी सहकार्य केलं. म्हाताऱ्यांनी कानांत बोटं घातली, नवऱ्या मुलाचे मामा तर दचकलेसुद्धा. फक्त ओयजमोल उंबऱ्यात थांबून राहिली.

"बाबा, मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली.

अकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग आचाऱ्याची पक्कड मागितली, तारा उपटल्या आणि फुंकलं. उरलेली एक तार पुलावाच्या कढईत पडली, कबुतरं उडाली, ओयजमोल हसत-रडत बाहेर आली, आणि अख्खा मोहल्ला तोंड उघडं टाकून नाचला. मीही नाचलो. इतका पोटभर श्वास कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

सोमवारी चौकशी आली: तारा उपटल्या, सबब दाखला रद्द. चौकशीचे साहेब म्हणाले, यांनी दमदार फुंकलं असं सांगणारे दोन साक्षीदार द्या, श्वास सिद्ध झाला असं मानून वाद्य सोडतो. नाहीतर कर्नाय जमा. पण ऐकली म्हणावं तर तेव्हा आपलं तोंड उघडं होतं हे कबूल करावं लागणार, म्हणजे पुढच्या तारा आपल्याच दातांना. न वाजलेली कर्नाय ज्या सगळ्यांना ऐकू आली होती, त्यांतल्या एकालाही वाजलेली ऐकू आली नव्हती. मलाही नाही.

कर्नाय माझ्या कपाटामागे उभी आहे, सीलबंद. अका रोज येऊन विचारतात, "मिळाले का रे दोघं?"

तुम्ही तर सगळं ऐकलंत. साक्षीला नाव-पत्ता सांगा. मघाशी हसताना दात दिसले तुमचे, तेही नोंदवावं लागेल.

नको?

मग मिटा तोंड आणि घ्या नाकाने श्वास, आमच्यासारखा.