मिश्राजी पाच वाजता ऐकायला येणार

ज्या मास्तरांनी जन्मात अ‍ॅम्प्लिफायर फक्त फळ्यावर पाहिला, त्यांच्याकडून तो शिकायचा नाही असं ठरवून मी तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं. निर्णय तसा छोटासाच. (घरी सांगायला चार महिने लागले, ते सोडा.)

सांगितलं तेव्हा आप्पा ओरडले नाहीत. आप्पा म्हणजे सुभेदार विश्वास निकम, तोफखाना, रिटायर्ड, मूळ सातारा, हल्ली तेलीबाग, लखनौ. अठ्ठावीस वर्षं तोफेच्या शेजारी काढल्यामुळे त्यांना मी काय म्हणालो ते ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकू गेलं. मग ओरडले.

त्यानंतर घरात दोन गोष्टी झाल्या. आप्पांना कानाचं नवं मशीन घेतलं, मोबाईलवरून सेट होणारं. आप्पांचा फोन बटणांचा, म्हणून ते मी माझ्याच फोनला जोडून टाकलं. नवा फोन घ्या, तो शिका, मग मशीन जोडा, एवढा वेळ कुणाकडे होता? (माझ्याकडे होता. मी घरीच बसलो होतो.) आणि दुसरी गोष्ट, मी जाहीर केलं की मी घराच्या गॅरेजमध्ये कार ऑडिओचं वर्कशॉप काढणार.

"गॅरेज माझं आहे," आप्पा म्हणाले.

"म्हणूनच तर सांगतोय."

आप्पांनी ऑर्डर काढली. समोरच्या मिश्राजींना त्यांच्या नव्या गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घ्यायची आहे. मी आधी आमच्या पंधरा वर्षांच्या गाडीत बसवून दाखवायची. मिश्राजी रविवारी पाच वाजता ऐकायला येतील. त्यांनी काम दिलं तर गॅरेज माझं. नाही दिलं तर सोमवारी सकाळी दहाला कॉलेज. री-अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरून तयार होता, फक्त माझी सही बाकी होती.

"आणि केस कापून जायचं," आप्पा म्हणाले. ही अट फॉर्मवर नव्हती.

शनिवारी मी कामाला लागलो. दरवाजांची आतली पॅनेल काढली. त्यांच्या चौदा क्लिपांपैकी अकरा तुटल्या. उरलेल्या तीन मी इतक्या जपून काढल्या की त्या हरवल्या. बॅटरीपासून जाड वायर मॅटखालून मागे नेली. अ‍ॅम्प मागच्या सीटखाली बसवला. अ‍ॅम्पची एक वायर गाडीच्या पत्र्याला टेकवायची असते, ते अर्थिंग. पत्र्यावर रंग असला तर ते लागत नाही, म्हणून मी रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, वायर लावली, नट-बोल्ट कसला. कॉलेजमधल्या एकाही मास्तरने एवढं सुंदर अर्थिंग केलं नसेल. मग स्पीकरच्या पेटीवर ताणायला काळं कापड हवं होतं, ते आणायला अमीनाबादच्या बाजारात गेलो. तीन तास. माझी चूक झाली ती एवढीच, असं मला रविवारी संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

रविवारी अकरा वाजता चावी फिरवली. डॅशबोर्डमधला डेक लागला. अ‍ॅम्प मेलेला. लाइटच नाही.

फ्यूज बघितला. चांगला. वायर बघितली. चांगली. एवढ्यात आई आली.

"बंद करून चालू करून बघ की."

"आई, हा मिक्सर नाहीये."

"मिक्सर तरी चालतो," आई म्हणाली आणि गेली.

माझी बहीण अमृता गाडीच्या बॉनेटवर बसून पेरू खात होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "दादा, सोमवार को बाल कौन से सलून में कटवाओगे?"

अडीच वाजेपर्यंत मी सगळी वायर उपसून परत घातली. मग शेवटी टॉर्च घेऊन सीटखाली आडवा झालो आणि बघतो तर माझ्या चकचकीत रुपयाच्या जागी लालभडक गोल. रेड ऑक्साइड. गुळगुळीत, एकसारखा, कडेला ओघळसुद्धा नाही.

"आप्पा! हे कुणी केलं?"

आप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. "पत्रा उघडा टाकून गेला होतास. इथला पावसाळा माहीत आहे ना? गंज चढला असता. दोन हात मारलेत."

"नटाच्या खालीसुद्धा?"

"नट काढला, हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला, परत कसला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अर्धवट काम सोडायची सवय आपल्याला नाही."

हा टोमणा होता. मग मीही सोडलं नाही. या पिढीचं काय आहे, की एखादी गोष्ट कशाला आहे हे विचारायच्या आधी तिला रंग लावायचा. आमच्या अंगणातल्या विटा गेरू-पांढऱ्या, नळ चंदेरी, कुंड्या हिरव्या. मागे एकदा पाण्याच्या मीटरची काच रंगवली, तेव्हापासून रीडिंग घ्यायला येणारा माणूस अंदाजाने लिहून जातो. हे सगळं मी मोठ्याने बोललो. घासता घासता बोललो. आप्पांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे बहुतेक ऐकलं नाही.

रंग निघाला, वायर टेकली आणि अ‍ॅम्पवर हिरवा लाइट लागला. साडेतीन वाजले होते. मी फोन डेकला जोडला. डेकवर माझ्या फोनचं नाव आलं. माझं आवडतं रॅप लावलं. फोनवर गाणं पुढे सरकू लागलं.

गाडीत शांतता.

आवाज वाढवला. शांतता. फुल्ल केला. मॅटवरून मुंगी गेली असती तर तिची पावलं ऐकू आली असती. रेडिओ लावून बघावा, तर एरियल माकडांनी कधीच मोडून नेलेली.

"हां! आता आलं!" व्हरांड्यातून आप्पा.

"काय आलं?"

"गाणं!"

मी दात ओठ खाल्ले. माणसाने हरलेल्या पोराची एवढी थट्टा करावी? मी गाणं थांबवलं आणि स्पीकर तपासायला घेतले. पेन्सिल सेल घ्यायचा, स्पीकरच्या वायरींना टेकवायचा; स्पीकर जिवंत असेल तर खर्र करतो. सगळ्यांनी केलं. पुन्हा गाणं लावलं. शांतता.

"मध्ये का थांबवलंस? चांगलं चाललं होतं," आप्पा म्हणाले. "नुसत्या शिव्याच आहेत म्हणा."

"आप्पा, प्लीज."

"पण आवाज खणखणीत. जणू डोक्यात वाजतंय."

"आई, यांना आत घे!"

"तूच बघ बाबा," आई आतून म्हणाली. "मघापासून मान डोलावतायत. मी चहा विचारला तर मलाच म्हणाले, गाणं संपू दे."

चार, साडेचार, पावणेपाच. मी डेक बाहेर काढला, आत घातला. घामाने शर्ट पाठीला चिकटला. फॉर्म टीपॉयवर होता, त्यावर आप्पांनी पेन आडवं ठेवलं होतं.

पाचला मिश्राजी आले. बरोब्बर पाचला. लखनौमध्ये वेळेवर येणारा हा एकच माणूस, आणि तो माझ्याच नशिबी.

"पहले आप बैठिए, सूबेदार साहब."

"नहीं, आप आगे बैठिए."

"अरे नहीं, आप."

एरवी मला ही आप-आप असह्य होते. त्या दिवशी वाटलं, रात्र होईपर्यंत चालू द्या. पण दीड मिनिटात मिश्राजी पुढे बसले, आप्पा मागे. मी देवाचं नाव घेऊन गाणं लावलं.

शांतता.

मागे आप्पांनी गुडघ्यावर ताल धरला. मिश्राजींनी आरशातून आप्पांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हळूच करंगळी कानात घालून हलवली. शेवटी डोळे मिटले आणि म्हणाले, "वाह."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"क्या सफाई है," मिश्राजी म्हणाले. "कानों को जरा भी चुभता नहीं."

"बेस थोडा ज्यादा है," मागून आप्पा.

"जी, वही मैं अर्ज करने वाला था."

माझं डोकं फिरायची वेळ आली. दोन म्हातारे, दोघेही डोलतायत, आणि मला काहीही ऐकू येत नाही. क्षणभर वाटलं, मशीनची गरज मलाच आहे. तेवढ्यात अमृताने खिडकीतून डोकं आत घातलं.

"दादा, कुछ बज ही नहीं रहा है."

"वाजतंय की," आप्पा म्हणाले. "दुपारपासून वाजतंय."

अमृताने आप्पांच्या कानाकडे बघितलं. मग माझ्या हातातून फोन ओढून घेतला, दोनदा बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की जन्मभर मला पुरेल.

"दादा, तुम्हारा गाना आप्पा के कान में जा रहा है."

साडेतीन वाजल्यापासून मी ज्या अ‍ॅम्पला शिव्या देत होतो, तो बिचारा रिकामा बसला होता; आणि माझं गाणं, त्यातल्या सगळ्या शिव्यांसकट, थेट माझ्या जन्मदात्याच्या मेंदूत चाललं होतं. मी घाईघाईने मशीनचं कनेक्शन तोडलं. एवढंच लक्षात राहिलं नाही की डेकचा आवाज मी फुल्लवर ठेवला होता.

मागची काच थरथरली. मिश्राजींचं डोकं छताला आपटलं. तेलीबागेतली माकडं झाडं सोडून गच्च्यांवर गेली. आत आईच्या हातून डब्याचं झाकण पडलं, ते पडल्याचा आवाज मात्र कुणाला आला नाही.

"हां," आप्पा समाधानाने म्हणाले, "आता जरा कमी झाला."

बंद केलं तेव्हा मिश्राजी बराच वेळ कॉलर नीट करत बसले. माझं सगळं भवितव्य त्या कॉलरमध्ये अडकलं होतं.

"बेटा," ते म्हणाले, "मुझे भी यही चाहिए."

"गाडीत ना अंकल? मेरा मतलब, गाडी में? चार स्पीकर, पीछे बेस का बॉक्स..."

"नहीं नहीं, गाडी में तो हमारी श्रीमतीजी बैठती हैं. मुझे वो चाहिए जो सूबेदार साहब के कान में है. बाहर किसी को भनक नहीं, अंदर पूरी महफिल. मशीन मेरे पास है, छह महीने से दराज में पडी है. जोडने वाला ही कोई नहीं मिला."

मी म्हणणार होतो की हे माझं काम नाही. पण मागून आप्पांनी विचारलं, "काम दिलं ना मिश्राजींनी?"

"दिलं, पण..."

"मग गॅरेज तुझं." त्यांनी घरात जाऊन फॉर्म आणला आणि माझ्यासमोर चार तुकडे केले. सुभेदाराचा शब्द. (केसांचं मात्र अजून मिटलेलं नाही.)

याला आता तीन महिने झाले. गॅरेजवर 'निकम कार ऑडिओ' असा बोर्ड आहे, आणि त्याखाली अजून एकही कार आलेली नाही. मिश्राजींनी कौतुकाने सगळीकडे सांगितलं. सकाळी नऊपासून बाकावर रिटायर्ड सुभेदार, रिटायर्ड कर्नल, रिटायर्ड रेल्वे असे ओळीने बसतात. विकास नगरहूनसुद्धा ऑटो करून येतात. मी सेल बदलतो, मळ काढतो, फोन जोडून देतो. ज्या पिढीने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिला ऐकू यावं म्हणून मी दिवसभर राबतो.

काल एका कर्नलसाहेबांनी मला स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. मी मान खाली घालून त्यांच्याच मशीनचा स्क्रू कसला, ते त्यांच्या कानात बसवलं, आणि टेबलाकडे वळून अगदी ओठातल्या ओठात पुटपुटलो, "बुड्ढा सठिया गया है."

बाकावरच्या अकराही माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"शाबाश बेटा," कर्नलसाहेब म्हणाले. "एकदम साफ आ रहा है."