गुरुदासचं गाऱ्हाणं

किशोरीला ‘आता पुरे’ कसं सांगायचं, हे गुरुदासला तीन रविवार जमलं नव्हतं. पहिल्या रविवारी तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवून उठल्यावर असं काही बोलणं बरं दिसेना. दुसऱ्या रविवारी जेवणाआधीच बोलायचं ठरवलं, तर भूक लागली. तिसऱ्या रविवारी तिने त्याच्या शर्टाची दोन बटणं लावून दिली. तो “बरा झाला” म्हणून शिरोड्याहून आरोंद्याला परत आला, आणि गडबडीत चष्मा तिच्याकडेच विसरला.

किशोरी शाळेतली त्याच्याच वर्गातली, लग्न न केलेली. तिच्यात काही खोट नव्हती. पण बायको, लक्ष्मी, जाऊन दोन वर्षं झाली तरी गुरुदास सकाळी दोन कप चहा करत होता, आणि दुसरा कप किशोरीसाठी नव्हता. हे तिला सांगायची त्याला लाज वाटे. न सांगता तिच्या घरी जेवायची त्याहून जास्त वाटे.

शेवटी सोमवारी तो नारळ घेऊन देवळात गेला. निदान देवाकडे धीर तरी मागावा. देवळात सात-आठ माणसं होती. चष्म्याशिवाय त्याला सगळी सारखीच दिसली.

“देवाक काय सांगूचा आसा?” भिकाजी गुरवाने नारळ हातात घेत विचारलं.

गुरुदास त्याच्या कानाशी वाकला. “किशोरीवांगडा माझा जा काय आसा, ता तिका न दुखवता सुटाक व्हया.”

“आं? ह्यो कान गेलो रे. मोठ्यान सांग.”

“किशोरी! शिरोड्याची!”

“कळला, कळला.” भिकाजीने गाऱ्हाणं घालायला नारळ वर धरला. “बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“ह्यो गुरुदास आज तुझ्या पायाकडे इलो आसा!”

“होय म्हाराजा!”

“शिरोड्याच्या किशोरीवांगडा तेचा जा जुळला आसा, ता लग्नापर्यंत ने रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आवाज दुप्पट झाला. “मेल्यान पत्तो लागू दिल्यान नाय!” जमलेल्यांतली हौसाबाई म्हणाली.

“नाय म्हाराजा!” गुरुदास ओरडला.

त्या देवळात असं कोणी कधी ओरडलं नव्हतं. हे मात्र भिकाजीला नीट ऐकू आलं. “मगे काय व्हया?”

“सुटाक व्हया! ती वायट म्हणान नाय. माका अजून लक्ष्मीच व्हयी, आणि मी किशोरीक फसवतंय. ता तिका सांगूचो धीर दी!”

मग मागच्या खांबाजवळून एकच आवाज आला.

“होय म्हाराजा.”

किशोरी पुढे आली. तिच्या हातात त्याचा चष्मा होता. त्याच्या घराला कुलूप बघून ती शेजारी विचारत इथे आली होती.

गुरुदासने मान खाली घातली. “माका तुझ्या घराकडे येवन सांगूचा होता गो.”

“तीन म्हयने तू माका लक्ष्मी म्हणान हाक मारतंस,” किशोरी म्हणाली, “आणि मी ओ देतंय. आता सांगूचा काय रवला?”

“मगे तूच कित्याक नाय सांगितलंस?”

“माका वाटला, तुझा मन दुखतला.”

तिने चष्मा पदराने पुसून त्याच्या हातात दिला आणि ती पायऱ्या उतरू लागली. गुरुदासने चष्मा घातला. आता सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते, ते दिसले नसते तर बरं झालं असतं.

“सांभाळून जा गो, लक्ष्मी,” तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

किशोरी मागे वळली नाही.

“ओ,” ती म्हणाली, आणि चपला घालून एसटीच्या थांब्याकडे गेली.