कादंबरीवर लाल शेरा

आमच्या लातुरात बसवंतअप्पा नावाचे गृहस्थ लाल पेन घेऊन कादंबरी वाचतात. वाचतात कसले, तपासतात. समासात 'त्रुटी' लिहायचं, खाली झोकात सही करायची. वाचनालयातल्या निम्म्या लेखकांना त्यांनी असं सहीनिशी नापास केलेलं आहे.

अप्पांचा जन्म रेणापूर तहसिलात पुरवठा शाखेत गेला. रेशनकार्डावर नावं चढवायची, मेलेल्यांची उतरवायची. त्यांच्या टेबलावरून एकवेळ हत्ती पुढं सरकला असता, पण जोडपत्राशिवायचा अर्ज नाही. कपाळावरच्या विभूतीचे तीन पट्टेसुद्धा पट्टी लावून आखल्यासारखे. शेजाऱ्यानं लग्नपत्रिका दिली, तर मुलीच्या गावापुढं तालुका लिहिलेला नाही म्हणून "प्रकरण अपूर्ण हाय" असं सांगून दारातूनच परत केली. अप्पांच्या पत्नी महादेवीकाकू होत्या तोवर त्या मागच्या दारानं जाऊन अशा पत्रिका घेऊन यायच्या. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

यंदा अप्पांच्या तावडीत एक गाजलेली कादंबरी सापडली. तीत एक जुलमी सरकार आहे. भिंतीला कान, दिव्याला डोळे. नायकाच्या बायकोचं नाव हे सरकार एका रात्रीत सगळ्या दप्तरांतून पुसून टाकतं आणि सकाळी शेजारीच विचारतात, कोण बाई? भलेभले वाचक हे वाचून घाबरले. अप्पा चिडले. चार महिने झाले तरी पुस्तक देईनात. शेवटी वाचनालयाचा चिटणीस म्हणून मीच घरी गेलो.

अप्पा कामात होते. तहसिलाच्या पुरवठा शाखेनं मयतांची नावं कमी करायची मोहीम काढली होती आणि अप्पा अख्ख्या गल्लीचे अर्ज भरून देत होते. मला बघताच पेन खाली ठेवलं.

"मास्तर, ह्या लेखकानं तहसील बाहेरून तरी बघितलंय काय? अर्ज न्हाई, दाखला न्हाई, घरच्या माणसाची सही न्हाई, अन् एका रात्रीत नाव कमी? चार महिने तेच पान तपासायलोय मी."

मग तासभर लेखकाची सालटी निघाली. म्हणे सरकार सगळ्यांवर नजर ठेवतं. इथं अप्पांच्या साहेबाला कपाळावरचा स्वतःचा चष्मा दिसत नसे. म्हणे सरकार फायली जाळतं. अरे, जाळायला आधी सापडायला नको? एवढं चपळ सरकार कुठं असलंच, तर अप्पा निवृत्ती मोडून तिकडं बदली मागणार होते.

मी म्हणालो, अप्पा, कल्पना आहे ती.

"कल्पनेलाबी जोडपत्र लागतंय."

बोलण्याच्या भरात ते पाणी आणायला उठले, तशी मी संधी साधून पुस्तक उचललं. नाव पुसल्याच्या त्या पानातून एक रेशनकार्ड पडलं. अप्पांचंच. पांढरं कार्ड, ज्यावर धान्याचा दाणा मिळत नाही. पहिलं नाव अप्पांचं, दुसरं महादेवी. कार्डात घडी घातलेला नाव कमी करण्याचा अर्ज. मोत्यासारखं अक्षर, मृत्यूचा दाखला जोडलेला, कुठं खाडाखोड नाही. पुस्तकाच्या पानापानावर सही ठोकणाऱ्या माणसानं फक्त सहीची जागा कोरी सोडलेली. घडीवर कागद झिजून फाटायला आला होता.

अप्पा तांब्या घेऊन दारात उभे. त्यांनी माझ्या हातून अर्ज घेतला, होती तशी घडी घातली आणि तो त्याच पानात ठेवला.

"सही नायकाला मागायला पायजे होती," ते लेखकावर डाफरले, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "मागितली असती तर दिली नसती त्यानं."

पुस्तक मी तिथंच ठेवून आलो. वाचनालयाच्या वहीत त्यांच्या नावापुढं लाल पेनानं लिहिलं, प्रकरण अपूर्ण. खाली सही केली.